झुल्मासाठी पांढरी

झुल्मा दोरीवर चादरी वाळत घालत होती आणि तोंडात चिमटे धरून बोलत होती. त्यामुळे कुंपणापलीकडे वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत बसलेल्या नेस्टरला पहिल्यांदा काही कळलंच नाही.

"काय म्हणालीस?"

तिने चिमटे तोंडातून काढले. "म्हटलं, पिंक्स्टेरची जत्रा झाली की मी चालले. ग्रीटने सगळं ठरवलंय. तिच्या घरी माडीवर खोली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे."

"समुद्र," नेस्टर म्हणाला.

"हो, समुद्र. पाणी असतं त्यात."

नेस्टरने मान डोलावली. ग्रीट ही झुल्माची एकुलती एक मुलगी, ओस्टेंडला समुद्राकाठी दिलेली. झुल्माचा नवरा गेरार्ड वारला तेव्हापासून ती आईच्या मागे लागली होती, की त्या बीटाच्या चिखलात एकटी काय राहतेस. घर भाड्याचं होतं. मालकाला सांगूनही झालं होतं आणि पिंक्स्टेरच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या मोठ्या सणाच्या, जत्रेनंतर तिथे दुसरं बिऱ्हाड येणार होतं. हे सगळं झुल्माने चादरी वाळत घालता घालता सांगितलं आणि नेस्टर प्रत्येक चादरीला "बरं" म्हणत राहिला. खरं तर त्याला एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नकोस. पण हा माणूस आयुष्यभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. ती आज अचानक कुठे थुंकणार?

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"चांगलंच आहे," असं म्हणून झुल्माने शेवटच्या अभ्र्याला जरा जास्तच जोरात झटका दिला. मग टोपली कमरेवर घेऊन आत जाता जाता थांबली. "ग्रीट म्हणते तिकडे सगळं मिळतं. मिळत असेल बाई. पण जायच्या आधी एकदा पांढरी प्यायला मिळाली असती ना... एक ग्लास. आईच्या गुत्त्यात असायची तशी. जाऊ दे. आता कुठली मिळायला."

ती आत गेली. नेस्टर वाटाण्याची काठी हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिला.

पांढरी म्हणजे गव्हाची बिअर. आमच्या या वेझरबेक गावात एके काळी दुसरं काही कोणी पीतच नसे. अर्धा कच्चा गहू, अर्धे मोड आणून वाळवलेले जव, मूठभर ओट, थोडे धणे आणि कडू संत्र्याची साल. दिसायला ताकासारखी, प्यायला हलकी, किंचित आंबट. कापणीच्या दिवसांत ती पिपातून शेतावर जायची. पोरंसुद्धा प्यायची आणि दुपारी शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. गुरुजीही प्यालेले असायचे, त्यामुळे कोणी कोणाला उठवत नसे. मग युद्ध आलं आणि भट्टीचे तांब्याचे हंडे शिपाई घेऊन गेले. युद्ध सरलं तेव्हा लोकांना पिवळी, आरपार दिसणारी कारखान्याची बिअर गोड लागायला लागली होती. भट्टीचा म्हातारा मालक मागे कोणी न ठेवता मेला. आता त्या भट्टीत बटाटे साठवतात.

नेस्टर रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होता. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. तरुणपणी झुल्मा सायकलवरून साखरेच्या कारखान्यात कामाला जायची तेव्हा तो गाडीची वेळ व्हायच्या कितीतरी आधीच फाटक पाडून ठेवायचा, म्हणजे तिला थांबावं लागायचं. ती एक पाय जमिनीवर टेकून उभी राहायची, हा कंदील पुसत उभा राहायचा. दोघं हवेबद्दल बोलायचे. वाऱ्याबद्दल, धुक्याबद्दल, नाशपातीच्या मोहोराला थंडी बाधेल का याबद्दल. दोन वर्षं त्यांनी हवेबद्दल इतकं बोलून घेतलं, की वेधशाळाही तेवढं बोलली नसेल. आणि एक दिवस ती थांबली तेव्हा तिच्या बोटात गेरार्डने दिलेली अंगठी होती. नेस्टरने अभिनंदन केलं आणि फाटक उचललं. त्याने पुढे लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर झुल्माच्या शेजारचं घर रिकामं होतं, ते घेतलं. का घेतलं, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि तो कोणाला सांगायला गेला नाही.

तर त्या चादरींच्या दिवशी नेस्टरच्या डोक्यात एक विचार आला आणि तो जाईना. जाऊ नकोस हे काही आपल्याला म्हणता यायचं नाही. पण पांढरी करता येईल. ती प्यायली की झुल्माला आपोआप कळेल. बोलायचं काम बिअरच करेल. आता याला खुळेपणा म्हणा, पण न बोलणाऱ्या माणसांना असले आडमार्ग फार सुचतात.

तो चर्चसमोरच्या इर्माच्या कॅफेत गेला. इर्मा गल्ल्यामागे उभी राहून नवा टेलिव्हिजन पुसत होती. टेलिव्हिजन बंद होता, पण दिवसातून तीनदा तरी पुसला जायचा.

"इर्मा," नेस्टर म्हणाला, "समजा एखाद्याला..."

"एखाद्याला म्हणजे तुला."

"समजा. थोड्या रिकाम्या बाटल्या हव्या असतील. चिनी मातीच्या, तारेने आवळायच्या बुचाच्या. जाड काचेच्या."

"आणि त्यात एखादा काय भरणार?"

नेस्टर ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, खिडकीबाहेर पाहिलं. इर्माने फडका खांद्यावर टाकला आणि वाट पाहिली. शेवटी त्याने सांगितलं.

"पांढरी? तू? अरे मेल्या, तुला धड अंडं उकडता येत नाही!"

"अंडं येतं."

"कोणासाठी ते विचारत नाही मी. चर्चच्या मनोऱ्यावरच्या कावळ्यांनाही ठाऊक आहे ते." ती गल्ल्यावरून पुढे वाकली. "तिला सरळ सांगून टाक ना रे! एका वाक्याचं काम. त्यासाठी पोतंभर गहू कशाला भिजवतोस?"

"सांगीन. आधी पांढरी होऊ दे."

"बैल गेला नि झोपा केला, अशी गत होणार तुझी. लिहून ठेव." असं म्हणाली खरी, पण मागच्या खोलीतून तिने तपकिरी बाटल्यांची लाकडी पेटी ओढत आणली आणि त्याच्या ढकलगाडीत ठेवून दिली. "धुऊन घे. आणि धणे बेताने घाल. नाहीतर औषधाचं दुकान पितोय असं वाटायचं."

बिअर कशी करतात हे नेस्टरला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने फक्त लहानपणी भट्टीच्या दारातून आत पाहिलं होतं. आत वाफ असायची, वाफेत उघडी माणसं असायची, आणि ती माणसं लांबट वेताच्या टोपल्या मोठ्या पिंपात दाबायची. का दाबायची, ते त्याला कधी कळलं नव्हतं. वास मात्र त्याच्या नाकात पक्का बसला होता. त्या वासाचा माग काढत जाऊ, एवढीच त्याची तयारी.

तालुक्याच्या गावाहून जव आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा जुना, वास उडालेला हॉप आणला. गहू शेजारच्या शेतकऱ्याकडचा. यीस्ट बेकरीतून. बेकरीवाल्याने विचारलं, पाव करतोस का घरी? नेस्टर हो म्हणाला. मग रविवारी चर्चमध्ये त्याला त्या खोट्याची आठवण झाली, पण आता एवढ्यासाठी फादरला कशाला त्रास द्यायचा म्हणून त्याने ते तसंच राहू दिलं.

बिअर शिजवायचा दिवस धुक्याचा होता. परसात कपडे उकळायचा तांब्याचा हंडा होता, तोच घासून घेतला. पाणी तापवलं, भरडलेला गहू आणि जव त्यात सोडले आणि लाकडी वल्ह्याने ढवळायला लागला. धुकं कुंपणावरून परसात येत होतं, वाफ हंड्यातून वर जात होती, आणि मधोमध नेस्टर. थोड्या वेळाने धुकं कुठलं नि वाफ कुठली ते कळेनासं झालं. झुल्माचं घर दिसेना, चर्चचा मनोरा दिसेना. जग जणू त्याला म्हणालं, तुझं चालू दे, आम्ही बघत नाही. गहू फुगत होता, पाणी हळूहळू गोड होत होतं. त्याने बोट बुडवून चाटलं आणि त्याला फार बरं वाटलं. तरुणपणी फाटकावर सकाळी असंच बरं वाटायचं.

पण पहिल्याच घासाला खडा लागला. गोड पाणी निथळून घ्यायची वेळ आली तेव्हा ते निथळेना. सगळ्याची मिळून चिकट लापशी झाली होती. चाळणीत घातलं, तर चाळणीत बसून राहिलं. फडक्यात बांधून पिळलं, तर फडकं फाटलं. नेस्टर वल्हं घेऊन त्या लापशीकडे बघत बसला. तेव्हा त्याला त्या वाफेतल्या टोपल्या आठवल्या. त्याने बटाटे काढायची वेताची टोपली आणली, विहिरीवर धुतली आणि हंड्यात लापशीवर ठेवून दोन्ही हातांनी खाली दाबली. टोपलीच्या वेतांमधून आत पाणी पाझरायला लागलं. गाळलेलं, गढूळ, दुधासारखं पाणी टोपलीच्या पोटात जमलं. त्यासाठी दाबत होती तर ती माणसं! नेस्टर एकटाच मोठ्याने हसला. मग वाटीवाटीने ते पाणी काढून घेतलं.

ते पाणी पुन्हा उकळलं, हॉप टाकला, शेवटी कुटलेले धणे आणि संत्र्याची वाळकी साल टाकली. धणे फुटल्याचा वास परसभर झाला आणि नेस्टरचे डोळे भरून आले. वाफेने आले असतील, असं तो स्वतःला म्हणाला. वाफेने नव्हते आले.

निवलेलं सगळं त्याने तळघरातल्या मोठ्या चिनी मातीच्या बरणीत ओतलं, यीस्ट कालवून घातलं, वर स्वच्छ फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरून पाहिलं तर बरणी गप्प. दुपारी गप्प. नेस्टर कोळशाच्या पोत्यावर बसला आणि बरणीकडे बघत राहिला. "तूही माझ्यासारखीच निघालीस," तो तिला म्हणाला.

त्यानंतरच्या सकाळी तळघराच्या पायरीवर असतानाच त्याला आवाज ऐकू आला. अगदी बारीक, ओठ न उघडता कोणी गुणगुणावं तसा. फडकं फुगलं होतं. खाली पांढरा फेस वर येऊन हळूहळू फिरत होता. मग तो रोज तिथे जाऊन बसू लागला. खिडकीच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा यायचा, बरणीवरून सरकत सरकत भिंतीवर जायचा आणि विरायचा. बरणी बोलत असायची. तिच्या आवाजाच्या आडून नेस्टरलाही बोलता यायचं. तो बरणीला सांगायचा, की झुल्मा, तू सकाळी दार उघडतेस तो आवाज ऐकल्याशिवाय मी कॉफी करत नाही. की गेरार्ड चांगला माणूस होता, पण त्याच्या कबुतरांचा मला फार राग यायचा, कारण तू त्यांच्याशी लाडाने बोलायचीस. की तू गेलीस तर ते घर नुसतं घर होईल, आणि मी त्या बाजूची खिडकी लावून घेईन. बरणी सगळं ऐकून घ्यायची आणि बुडबुडे सोडायची. कधी कधी त्याला डुलकी लागायची. त्या डुलकीत गव्हाचं शेत असायचं, पांढरं, आणि त्यातून झुल्मा सायकल हातात धरून चालत यायची, आणि फाटक कुठेच नसायचं.

फेस बसल्यावर त्याने वाटी बुडवून पाहिली. ताकासारखी पांढरी. त्याने जीभ लावली न लावली आणि वाटी खाली ठेवली. पहिला घोट आपला नाही, असं त्याने ठरवलं होतं. मग चमचा चमचा साखर घालून बाटल्या भरल्या आणि बुचं लावली.

साखर जरा सढळ हाताने पडली होती, हे पुढे कळलं.

एके दिवशी कुंपणावरून झुल्माने हाक मारली. "नेस्टर, तुझ्या घराला कसला रे वास येतोय? हे काही दिवस झाले बघतेय मी."

"धणे," नेस्टर म्हणाला. खोटं बोलायचं म्हटलं की त्याला नेहमी अर्धंच जमायचं.

"धणे कशाला?"

"पोटाला."

"पोट बिघडलंय? मग सांगायचं नाही का!"

तासाभरात ती भाताची खीर घेऊन दारात हजर. केशर घातलेली, वरून साखर. नेस्टरचं पोट घोड्यासारखं ठणठणीत होतं, पण आता करतो काय. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो आजाऱ्यासारखा बारीक घास घेत खात होता आणि ती समोर बसून त्याच्याकडे पाहत होती.

"खोकी भरायला घेतली मी," ती म्हणाली. "इतकी वर्षं काय काय साठवलं होतं, देव जाणे. गेरार्डच्या कबुतरांच्या पायातल्या अंगठ्या सापडल्या. टाकवेनात."

"नको टाकूस."

"तिकडे नेऊन काय करू? समुद्रपक्ष्यांना घालू?" ती हसली. "नेस्टर, तुला काय वाटतं? मी जाते ते बरं करते ना?"

नेस्टरने चमचा खाली ठेवला. घशात खीर होती, ती गिळली. आता म्हणायचं. बरणीला रोज म्हणत होतो तेच. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी पायाखाली ठो! असा आवाज झाला. टेबलावरची बशी थरथरली.

"अगं बाई! हे काय?"

"उंदीर," नेस्टर म्हणाला.

"उंदीर? बंदूक घेऊन?"

पुन्हा ठो! झुल्माने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ती उठली. खिरीचं भांडं उचलून दारापर्यंत गेली. "बरं वाटलं की सांग," म्हणाली. नेस्टर तळघरात धावला. काचा आणि फेस. पण पेटीतल्या निम्म्याहून जास्त बाटल्या वाचल्या होत्या. त्याने त्यांच्यावर ओलं पोतं घातलं, बुचं किंचित सैल करून फुस्स करू दिली आणि पुन्हा लावली. काम निभावलं, पण बोलणं तेवढं राहून गेलं.

पिंक्स्टेरचा सोमवार उजाडला. चौकात पाळणा लागला होता आणि त्याच्या पेटीचं गाणं वाऱ्यावर येत होतं, एक सूर सारखा अडखळणारा. झुल्माच्या दाराशी जावयाची माल वाहायची गाडी सकाळीच येऊन उभी राहिली. ग्रीट आणि तिचा नवरा खोकी आणून ठेवत होते. नेस्टरने धुतलेला सदरा घातला, विहिरीच्या गार पाण्यात बुडवून ठेवलेल्या दोन बाटल्या बाहेर काढल्या आणि नाशपातीच्या झाडाखाली टेबल मांडलं. मग कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

"झुल्मा," तो म्हणाला, "जरा येतेस? पाच मिनिटं."

ती हात पुसत आली. टेबल पाहिलं, बाटल्या पाहिल्या, खुर्चीवर बसली. "उंदीर मेले वाटतं सगळे," ती म्हणाली.

"पांढरी आहे. तू म्हणाली होतीस."

झुल्माने खुर्ची पुढे ओढली. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि वाट पाहू लागली.

आता आमच्या भागात बाटलीतली बिअर ओतायची एक शिस्त आहे. ग्लास तिरका धरायचा, धार एकसारखी सोडायची, हात हलवायचा नाही. आणि तळाशी दोन बोटं बिअर गाळासकट बाटलीतच ठेवायची. पाहुण्याच्या ग्लासात गाळ उतरला, तर ओतणाऱ्याची लाज गेली. पोरांना अक्षरं यायच्या आधी हे येतं. नेस्टरने आयुष्यात कधी कोणाच्या ग्लासात गाळ पाडला नव्हता आणि आज तर मुळीच पाडणार नव्हता. त्याने श्वास रोखून ओतलं. फेस वर आला, टेकला, थांबला. दोन बोटं बाटलीत ठेवून त्याने बाटली बाजूला केली आणि ग्लास तिच्यापुढे सरकवला.

मग त्याचं ग्लासाकडे लक्ष गेलं. ग्लासातली बिअर पिवळी होती. स्वच्छ, आरपार. पलीकडचं कुंपण त्यातून दिसत होतं.

झुल्माने घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला. "छान आहे," ती म्हणाली.

हे छान नेस्टरच्या ओळखीचं होतं. शेजारणीचा टार्ट करपला की ती असंच छान म्हणायची.

"नेस्टर, चांगली झालीय रे. एवढी मेहनत घेतलीस. पण..." ती हळूच म्हणाली, "ही ती नाही."

"बरणीत पांढरी होती," नेस्टर म्हणाला. "शपथ. मी पाहिलीय. ताकासारखी होती."

"असेल रे."

"मला येत नाही यातलं काही. इर्मा म्हणालीच होती." तो खाली बघत राहिला. एवढे दिवस त्याने सगळं त्या बाटल्यांवर सोपवलं होतं, आणि आता गाडी भरत होती आणि ग्लासात पिवळं पाणी होतं. तो या जन्मात इतका एकटा कधी झाला नव्हता.

झुल्माने बाटली उचलली. उजेडासमोर धरली. तपकिरी काचेतून काही दिसेना म्हणून हलवून पाहिली. "हे काय ठेवलंस यात?"

"गाळ आहे तो."

"गाळ?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की बघत राहावं. "अरे माझ्या देवा! गाळ म्हणे!"

तिने आपल्या ग्लासातली थोडी बिअर परत बाटलीत ओतली, बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरली आणि ताक घुसळताना रवी फिरवावी तशी गरागरा फिरवली. मग एकदम ग्लासात उपडी केली. ग्लासात वरून एक ढग उतरला. हळूहळू खाली गेला, पसरला, काठाला लागला. कुंपण दिसेनासं झालं. ग्लास पांढरा झाला.

ती प्यायली. या वेळी घोट मोठा होता. डोळे मिटले. वरच्या ओठावर फेस राहिला होता, तो तिने पुसला नाही. चौकातलं गाणं अडखळत पुढे गेलं.

"हीच," ती म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "आई शनिवारी गुत्त्याची फरशी धुवायची आणि उंबऱ्यावर बसायची. पाय ओले. पहिली बाटली स्वतःसाठी फिरवायची, मला एक घोट द्यायची. म्हणायची, कोणाला सांगू नकोस." तिने डोळे उघडले, ते भरले होते. "खुळा आहेस रे. आख्खी पांढरी केलीस आणि पांढरं तेवढं बाटलीत ठेवून दिलंस."

"मला वाटलं, चांगलं दिसणार नाही."

"तुझं नेहमी हेच. शेवटची दोन बोटं बाहेर काढायचीच नाहीत."

पलीकडून ग्रीटची हाक आली. "आई, चल ना गं! हे शेवटचं खोकं राहिलंय, आणि शिवणयंत्र."

झुल्मा उठली नाही. ग्लास हातात धरून नेस्टरकडे पाहत राहिली. हे थांबणं म्हणजे काय ते नेस्टरला चांगलं ठाऊक होतं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"जाऊ नकोस, झुल्मा." आता सुरू झालं तर थांबेना. "मी किती वर्षं... मला तू हवी आहेस. फाटकावर होतो तेव्हापासून. मला बोलता येत नाही, मी बरणीशी बोललो. माझ्याकडे समुद्र नाही. माडीवर खोली आहे, पण खिडकीतून बीटाचं शेत दिसतं. आणि पाऊस लागला की तेही दिसत नाही. पण तू तिथे राहा. किंवा खाली राहा, मी वर राहतो. जाऊ नकोस म्हणजे झालं."

एवढं तो उभ्या जन्मात एका दमात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला धाप लागली.

झुल्माने ग्लास हळू खाली ठेवला. तेवढ्यात ग्रीट खोकं छातीशी धरून कुंपणाजवळ आली. "आई, ऐकतेस का? गाडीत जागा नाही उरली. हे कुठे ठेवू?"

नेस्टर उठून उभा राहिला. ज्या माणसाने आयुष्यात कधी कुंपणावरून आवाज चढवला नव्हता, तो ओरडला, "इकडे आण!"

ग्रीट खोकं धरून जागच्या जागी थांबली. "इकडे म्हणजे? आई, हे नेस्टरकाका काय म्हणतायत?"

"थांब गं जरा," झुल्मा मान न वळवता म्हणाली. "मी अजून हो म्हटलेलं नाही." मग तिने उरलेली पांढरी संपवून रिकामा ग्लास टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "दुसरी उघड. या वेळी तू ओत."

नेस्टरने बूच उडवलं. बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवली, जरा जास्तच फिरवली, फेस मनगटावरून सदऱ्यात गेला. मग त्याने ती ग्लासावर उपडी केली. सगळी रिकामी झाली, तरी काचेच्या तोंडाशी एक पांढरा थेंब लोंबकळत राहिला. तो पडेपर्यंत नेस्टरने बाटली तशीच उपडी धरून ठेवली.